अळीच्या पोटापुरतं पान

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे फुलपाखरांबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बहुतेक अळ्यांच्या खाद्य वनस्पतींबद्दल आहेत, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : बाल्कनीत घाणेरी, झिनिया, पेंटास लावले आहेत. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. अंडी, अळ्या कधीच दिसत नाहीत. सकाळचं तीन-चार तास ऊन येतं आणि पाच कुंड्यांपुरती जागा आहे. काय लावू? (डोंबिवली)

उत्तर : तुमच्याकडे फुलपाखरांना मध आहे, पण अळ्यांना पान नाही. मध कुठल्याही फुलावरचा चालतो. अंडी घालताना मात्र मादी फार चोखंदळ असते. ती पानावर उतरून पुढच्या पायांनी पान चाचपते. चव कळणारी इंद्रियं तिच्या पायांवरच असतात. पान आपल्या पिल्लांच्या कामाचं निघालं तर पोट वाकवून एक अंडं चिकटवते, नाहीतर पुढे जाते. तिला हवं ते पान बाल्कनीत नसेल, तर फुलं कितीही असली तरी तिचा मुक्काम होत नाही.

तीन-चार तासांच्या उन्हात आणि पाच कुंड्यांत आम्ही असं लावू : दोन कुंड्यांत कढीपत्ता, एकीत कागदी लिंबू, एकीत पानफुटी आणि एकीत चित्रक. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं हमखास अंडी घालतात. आसपास झाडी असेल तर लिंबावर राणी पाकोळीही येते. ब्लू मॉरमॉन या नावाने ओळखलं जाणारं हेच फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. चित्रकाच्या कळ्यांवर आणि कोवळ्या पानांवर झेब्रा ब्लू वाढतं. पांढऱ्या फुलांचा देशी चित्रक मिळाला नाही, तर बागेत लावतात तो निळ्या फुलांचाही चालतो.

पानफुटीवर रेड पिरो येतं. जागा कमी असलेल्यांनी पहिली कुंडी हिचीच लावावी. याची अळी पान बाहेरून कुरतडत नाही, जाड पानाच्या आत शिरून मधला गर खाते. वरून पान फुगल्यासारखं, पारदर्शक दिसायला लागतं. ते उजेडासमोर धरलं की आतली अळी आणि तिने मागे टाकलेले विष्ठेचे काळे कण दिसतात. अनेक जण अशी पानं ‘सडली’ म्हणून तोडून फेकतात. पान काढण्याआधी एकदा उजेडासमोर धरा.

कढीपत्ता आणि लिंबाला १२ ते १४ इंची कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू असं मिश्रण करा. पानफुटीला ८ इंची कुंडी पुरते, पण त्यात वाळू अर्धी ठेवा. पाणी साचलं की तिचा बुडखा कुजतो. एका रोपाऐवजी त्याच जातीची दोन-तीन रोपं लावा, कारण खरी अडचण अंड्यांची नसते, पान पुरण्याची असते. दीड फुटाच्या कढीपत्त्यावर दोन-तीन अळ्या पूर्ण वाढल्या तरी खूप झालं, आणि मादी एका फेरीत त्याच्यावर दहा अंडीही घालून जाते.

घाणेरी ठेवायचीच असेल तर फुलं गळली की फळं धरायच्या आत शेंडे कापत जा. तिची काळी फळं पक्षी खातात आणि बिया डोंगरांवर, रानात पोचवतात. आधीच आपल्या रानांत तिचं माजोरं रान झालं आहे. पेंटास असताना घाणेरीची खरं तर गरजही नाही.

प्रश्न : कढीपत्त्याच्या रोपाचा आठवड्यात खराटा झाला. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं, नंतर त्याच जागी मोठ्या हिरव्या अळ्या दिसल्या. रोप मेलं का? फोडणीलाही पानं हवी आहेत आणि अळ्याही माराव्याशा वाटत नाहीत. (नाशिक)

उत्तर : रोप मेलेलं नाही. लाइम किंवा कॉमन मॉरमॉनच्या या अळ्या कोवळी अंकुरं आणि पानं खातात, खोडाला हात लावत नाहीत. मुळं शाबूत असतील तर दोन-तीन आठवड्यांत नवी फूट येते, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा दाट येते.

या काळात रोप मरतं ते आपल्या पाण्यामुळे. पानं गेली की झाडाची पाण्याची गरज एकदम कमी होते. आपण मात्र काळजीपोटी रोज तांब्याभर ओततो आणि मुळं कुजतात. वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी घाला. मूठभर गांडूळखत मातीत मिसळा. युरिया देऊ नका; त्याने फूट लुसलुशीत येते आणि तिच्यावर मावा चढतो.

अळीचं वेळापत्रक माहीत असलं की पानांचा हिशोब जमतो. अंडं मोहरीएवढं, पिवळट, गोल, बहुधा कोवळ्या शेंड्यावर एकेकटं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. चौथ्यांदा कात टाकेपर्यंत ती काळपट-तपकिरी आणि पांढऱ्या डागाची असते. शीट म्हणून तुम्हाला दिसलं ते हेच. पक्षी फसावेत म्हणून असलेलं सोंग. त्यानंतर ती हिरवी होते आणि या शेवटच्या पाच-सहा दिवसांत आयुष्यभराच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा संपवते. म्हणून ‘रात्रीत झाड खाल्लं’ असं वाटतं. डिवचली तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दुबेळकी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ते शिंग टोचत नाही, त्यात विषही नसतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत उबदार हवेत साधारण चार आठवडे लागतात.

फोडणीसाठी एक रोप वेगळं ठेवा आणि त्याला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी घाला. तळाशी सुतळीने बांधा, कापड पानांना टेकू देऊ नका. टेकलं तर मादी बाहेरूनच पानावर अंडं घालते. दुसरं रोप अळ्यांचं. त्यावर गर्दी झाली तर जास्तीच्या अळ्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर हलवता येतात, पण अळी चिमटीने ओढू नका. तिच्या पायांचे आकडे पानाला घट्ट रुतलेले असतात, ओढाताणीत ती जखमी होते. ज्या पानावर ती आहे तेच पान देठासकट कापा आणि नव्या झाडावर शेंड्याजवळ टाचणी न लावता नुसतं अडकवा. जुनं पान सुकलं की ती आपण होऊन पुढे सरकते. कात टाकायला बसलेली अळी एक दिवस अजिबात हलत नाही. तिला त्या दिवशी तशीच राहू द्या.

पूर्ण वाढलेली अळी एके दिवशी अचानक दिसेनाशी होते. बहुतेक वेळा ती कोष करायला झाड सोडून गेलेली असते. कठड्याखाली, कुंडीच्या कडेमागे, शेजारच्या झाडाच्या काडीवर बघा. कमरेला धाग्याचा वेढा घालून टेकलेला, हिरवा किंवा तपकिरी कोष सापडेल.

प्रश्न : नर्सरीतून मोठं, टवटवीत लिंबाचं झाड आणलं. त्यावर घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघाल्या, पण दोन दिवसांत सगळ्या काळ्या पडून मेल्या. दुसऱ्या झाडावरच्या कोषांनाही भोक पडलेलं दिसलं. (सातारा)

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या झाडावर सगळ्या अळ्या एकदम मेल्या, तर पहिला संशय फवारणीवर घ्या. विक्रीची झाडं निर्दोष दिसावीत म्हणून त्यांच्यावर औषध मारलेलं असतं. त्यातली काही औषधं मुळांतून शोषली जाऊन झाडाच्या रसातच उतरतात, त्यामुळे पान धुऊन उपयोग होत नाही. विषबाधा झालेली अळी तडफडते, हिरवं पाणी ओकते, आकसते आणि झाडाखाली पडते. विषाणूमुळे मेलेली अळी वेगळी दिसते : ती मऊ, काळपट होऊन मागच्या पायांवर उलटी लोंबते आणि हात लावताच फुटते. अशी अळी पानासकट कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका. कात्री साबणाने धुवा आणि त्या रोपावरच्या बाकीच्या अळ्या वेगवेगळ्या फांद्यांवर पांगवा. हा रोग दाटीत आणि ओलीत झपाट्याने पसरतो.

विकत आणलेलं प्रत्येक खाद्य झाड आधी वेगळं ठेवायचं. पिशवीतली जमेल तेवढी माती झटकून नव्या मातीत लावा, शेंडे आणि निम्मी पानं छाटा आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड घाला. दोन-तीन महिन्यांत आलेली नवी फूटच अळ्यांसाठी खुली करा. बी लावून वाढवलेलं रोप लहान असलं तरी या कामाला जास्त भरवशाचं. कागदी लिंबाचं ताजं बी न वाळवता लावलं तर तीन-चार आठवड्यांत उगवतं. फळाची घाई नसेल तर कलमी झाडाची काहीच गरज नाही. अळ्यांना बियांच्या झाडाची पानंही तेवढीच चालतात.

कोषाला भोक पडलं ते परोपजीवी गांधीलमाशीमुळे. मऊ, ताज्या कोषात ती अंडी घालते आणि आतला जीव खाऊन डझनावारी बारीक माश्या एकाच भोकातून बाहेर पडतात. अळीच्या अंगाला तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर तेही अशाच दुसऱ्या माशीचं काम. रुईवरच्या कोषातून पांढरा धागा लोंबताना दिसला तर आत दुसऱ्या प्रकारच्या माशीची अळी होती असं समजा. वाईट वाटतं, पण यात तुमची चूक नाही आणि यावर औषधही मारायचं नाही. बागेत घातलेल्या अंड्यांपैकी थोडीच फुलपाखरापर्यंत पोचतात. बाकीची मुंग्या, कोळी, शिंपी पक्षी आणि या माश्यांच्या वाट्याला जातात. शिंपी पक्षी पिल्लांसाठी अळ्या नेत असेल तर बाग नीट चालली आहे असं माना.

कोष काळा पडला म्हणून लगेच फेकूही नका. फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होतो आणि आतल्या पंखांचे रंग दिसू लागतात. तो डबा वाजवल्यासारखा पोकळ, कोरडा आणि अपारदर्शक काळा असेल तरच मेलेला.

प्रश्न : क्रिमसन रोज हे फुलपाखरू आमच्याकडे दिसतं. त्यासाठी सापसंदाचा वेल लावायचा आहे. एका ओळखीच्यांनी मोठ्या, झालरीसारख्या फुलांचा वेल दिला आणि ‘तीच जात’ म्हणाले. चालेल का? (मडगाव)

उत्तर : तो वेल लावू नका. मोठ्या फुलांचे शोभेचे वेल दक्षिण अमेरिकेतले आहेत आणि सापसंदाच्या कुळातले असल्यामुळे त्यांचा वास मादीला ओळखीचा वाटतो. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाच्या फुलपाखराचा याच प्रकारच्या वेलाने घात केला : माद्या त्यावर अंडी घालत आणि पानं खाताच अळ्या मरत. तिथे हा वेल शोधून उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या. घरात असा वेल असेल आणि त्यावर अंडी दिसली, तर पानासकट काढून देशी सापसंदावर ठेवा आणि वेल मुळासकट काढा.

तुम्हाला हवा तो ॲरिस्टोलोकिया इंडिका, म्हणजे देशी सापसंद, ज्याला ईश्वरीही म्हणतात. फूल इंच-दीड इंचाचं, फिकट हिरवं, जांभळट जिभेचं. फळ वाळलं की बुडाकडून सहा फाकांत उघडतं आणि देठाला उलट्या छत्रीसारखं लटकत राहतं. आत चपट्या, पंख असलेल्या बिया एकावर एक रचलेल्या असतात. फळ उघडायच्या बेतात आलं की त्यावर कापडी पिशवी बांधा, नाहीतर बिया वाऱ्यावर जातात.

बी मे अखेरीला किंवा पहिल्या पावसात लावा. पिशवीत अर्धा सेंटीमीटर खोल, सपाट बाजू खाली. उगवायला महिनाभर लागू शकतो. तोवर माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. जून-जुलैत पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, तपकिरी व्हायला लागलेली काडीही लावता येते. दोन-तीन पेरं घ्या, एक पेर मातीत. वेलाची मुळं जाड आणि गाठाळ असतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी मूळ जिवंत असतं, उपटू नका.

सापसंदाची पानं विरळ असतात आणि याच्या अळ्या खादाड. पान संपलं की कोवळं खोडही सोलून खातात. एका वेलावर भागत नाही, किमान चार लावा. एक वर्षापर्यंतच्या वेलावर मच्छरदाणीचं कापड राहू द्या, नाहीतर तो मोठा होण्याआधीच संपतो. मधोमध पांढरा पट्टा असलेली गडद लाल अळी कॉमन रोजची. पट्टा नसलेली, जांभळट-काळी आणि लाल गोंडे असलेली क्रिमसन रोजची. कोकण-गोव्यात नशीब असेल तर सदर्न बर्डविंगही याच वेलावर येतं. मात्र त्याच्या एका अळीला लागणारी पानं बघता, मोठ्या झाडावर चढलेला जुना वेलच त्याला पुरतो.

एक सावधगिरी. सापसंदाचं मूळ औषध म्हणून खाण्याची जुनी चाल आहे. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि त्याने कर्करोगही होतो, हे सिद्ध झालेलं आहे. वेल अळ्यांसाठीच ठेवा.

प्रश्न : सोसायटीच्या बागेचा एक कोपरा फुलपाखरांसाठी मागितला आहे. सभासद म्हणतात रुई, कण्हेर, एरंड विषारी आहेत. आणि माळी पावसाळ्यात आलेलं सगळं ‘तण’ काढून टाकतो. काय सांगायचं? (पुणे)

उत्तर : विषारी आहेत हे सभासदांचं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करूनच पुढे जा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कापताना चष्मा आणि हातमोजे हवेत. कण्हेराचं पान, फूल, काडी काहीही पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. एरंडाच्या बिया चावल्या गेल्या तर जीव जाऊ शकतो. खेळण्याच्या जागेजवळ ही झाडं नकोत. कुंपणाच्या आतल्या बाजूला, पाटी लावून, एरंडाचे घोस बी धरण्याआधी कापून ती ठेवता येतात. हे मान्य होत नसेल तर तिन्ही सोडा. त्यांच्याशिवायही बरंच करता येतं.

सोसायटीत बहुधा आधीच असलेली झाडं बघा. उंच सरळ वाढणारा, कुंपणाला लावतात तो अशोक म्हणजेच आसुपालव हे ‘टेल्ड जे’ या फुलपाखराचं मुख्य झाड. सीतेचा अशोक तो वेगळा, त्यावर ते येत नाही. आसुपालवाची तांबूस कोवळी पानं आली की मादी तिथेच अंडी घालते, आणि माळी नेमके तेच शेंडे छाटतो. छाटणी बंद करा असं म्हणू नका. एका वेळी निम्मी झाडं छाटा, उरलेली दीड महिन्याने. सोनचाफा, सीताफळ, रामफळ असेल तर त्यावरही हेच फुलपाखरू येतं. बहावा असेल तर कॉमन एमिग्रंट, आंब्यावर कॉमन बॅरन, शोभेच्या पामवर कॉमन पामफ्लाय. बॅरनची अळी आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर शिरेच्या रेषेत बसते. दोन्ही बाजूंना पसरलेले हिरवे केस आणि पाठीवरची पिवळट रेघ पानाच्या शिरेशी इतकी मिळते की समोर असून दिसत नाही.

सायकसच्या नव्या पानांचं नुकसान होतं ते प्लेन्स क्युपिडच्या अळ्यांमुळे. त्या फक्त मऊ, उलगडणारी पानं खातात. सायकस शोभेचाच ठेवायचा असेल तर नवी पानं कडक होईपर्यंत दोन-तीन आठवडे जाळीने झाका, फवारणी टाळा.

आता तण. माळ्याला ‘काही काढू नका’ म्हटलं तर तो पाळणार नाही आणि कोपरा उकिरड्यासारखा दिसला की तक्रारी येतील. दहा बाय दहा फुटांचा तुकडा आखून द्या, कडेला विटांची ओळ लावा आणि त्यात काय राहू द्यायचं ते त्याला झाडासमोर उभं करून दाखवा. टाकळा : त्यावर मॉटल्ड एमिग्रंट आणि कॉमन ग्रास यलो. आंबुशी : पेल ग्रास ब्लू. घोळ : डॅनेड एगफ्लाय. चिकणा : लेमन पॅन्सी. कोरांटी : चॉकलेट पॅन्सी. बाकी गाजर गवतासकट सगळं काढू द्या. टाकळ्याच्या शेंगा वाळायच्या आत निम्मी झाडं काढली तर पुढच्या वर्षी तो आटोक्यात राहतो.

डासांसाठी धूर मारायचा दिवस आधी विचारून घ्या. त्या धुरात कीटकनाशक असतं. त्या दिवशी कुंड्या घरात घ्या किंवा जाड चादरीने झाका, धूर विरल्यावर तासाभराने चादर काढा.

प्रश्न : रुईवर पिवळ्या माव्याचा थर बसला आहे. कडुनिंबाचं तेल मारू का? अळ्याही आहेत. (वडोदरा)

उत्तर : नको. कडुनिंबाच्या तेलाने अळीचं कात टाकणं बिघडतं आणि ती अर्धवट कातीत अडकून मरते. बाजारात ‘जैविक’ म्हणून मिळणारं बीटी, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं औषध, तर खास अळ्या मारण्यासाठीच आहे. माव्याने भरलेले शेंडे आधी तपासा, अंडी-अळ्या नसतील तर कापून टाका. उरलेला मावा सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने उडवा. अळी असलेलं पान हाताने आडोसा करून वाचवा. तीन दिवसांनी पुन्हा. मग लेडीबर्ड भुंगे येतात आणि काम हाती घेतात.

धार मारताना एखादी मोठी अळी खाताना दिसली तर दोन मिनिटं थांबून बघा. प्लेन टायगरची, म्हणजे बिबळ्या कडव्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची असते, पाठीवर शिंगांच्या तीन जोड्या. ती आधी पानाची शीर कुरतडते. चीक तिथून वाहून जातो आणि मग शिरेच्या पलीकडचं, चीक आटलेलं पान ती खाते. शिंगांच्या चार जोड्या असतील तर ती कॉमन क्रोची; ती कण्हेरावर जास्त सापडते आणि तिचा कोष आरशासारखा रुपेरी चकाकतो.

प्रश्न : तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्याजवळ दोन निळे डोळे. कुठलं फुलपाखरू? (बेळगाव)

उत्तर : फुलपाखरू नाही, पतंग आहे : ओलिएंडर हॉकमॉथ. ते ‘डोळे’ खोटे आहेत, भक्ष्यकाला घाबरवण्यासाठी. कण्हेर आणि सदाफुलीवरही सापडते. पूर्ण वाढली की रंग तपकिरी होतो आणि ती खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. त्या झाडाखाली महिनाभर झाडू मारू नका. तगर पुन्हा फुटते.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी अळी घरात वाढवायची आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात चालेल? (अकोला)

उत्तर : चालेल, पण एका डब्यात दोनच. डबा किमान दोन लिटरचा, झाकणाऐवजी सुती कापड आणि रबर. तळाला वर्तमानपत्र, रोज बदलायचं. विष्ठा आणि ओल साचली की बुरशी आणि रोग येतो. पानाचा देठ पाण्याच्या छोट्या बाटलीत घाला आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. पान त्याच झाडाचं द्या. बाजारातली कढीपत्त्याची जुडी कधीही देऊ नका, तिच्यावर फवारणी असण्याची शक्यता फार. आत एक खडबडीत काडी तिरकी लावा. फुलपाखरू निघाल्यावर पंख पसरायला काडीखाली चार इंच मोकळी जागा हवी. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेले राहतात आणि नंतर सुधारत नाहीत. पंख वाळायला दोन-तीन तास लागतात, तोवर मुलांचे हात लांब. जिथून अळी आणली तिथेच, सकाळी, पाऊस नसताना सोडा.

प्रश्न : आमच्या ओळखीत वीस-पंचवीस घरं आहेत. खाद्य वनस्पतींची देवाणघेवाण सुरू करायची आहे. रोपं, बिया, की अंडी-अळ्यासुद्धा वाटाव्या? (ठाणे)

उत्तर : बिया, काड्या आणि रोपं वाटा, अळ्या नको. ज्या घरी आधीपासून पुरेशी पानं आहेत आणि जे चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे रोपावरचं एखादं अंडं गेलं तर बिघडत नाही. पण दुसऱ्या गावाला, कुरिअरने, अळ्या-कोष पाठवू नका. वाटेत मरतात, रोग पसरतो, आणि जिथे ती जात मुळात नाही तिथे सोडलेलं फुलपाखरू काही साधत नाही. काही फुलपाखरांची नावं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे जिवंत फुलपाखरं गोळा करून वाटण्याच्या फंदात पडूच नका. योग्य झाड लावलं की मादी ते शोधून काढते.

घराघरांत कामं वाटून घ्या. सगळ्यांनी सगळं वाढवायला गेलं तर प्रत्येकाकडे एकेक रोप राहतं आणि कुणाचीच अळी जगत नाही. तीन घरांनी कढीपत्ता-लिंबू, दोन घरांनी सापसंद, गच्चीवर कडक ऊन असलेल्यांनी रुई आणि हिरणदोडी, असं करा. हिरणदोडीवर ब्लू टायगर येतं, पण तो दणकट वेल आहे. कठड्याचा बारीक गज त्याला पुरत नाही, मजबूत मांडव लागतो.

वर्षाचं काम साधारण असं बसतं. फेब्रुवारी ते मे रुई आणि हिरणदोडीच्या शेंगा तडकायच्या आत तोडा, बियांचे रेशमी केस काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. बहाव्याचं बी कडक असतं. एका बाजूने काच कागदावर घासून रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलं तेवढंच पेरा. मेच्या अखेरीला पेरणी. रुईचं सोटमूळ खोल जातं, तिला लहान पिशवीत अडकवू नका. आठ-नऊ इंच उंच पिशवी घ्या आणि रोप चार पानांचं असतानाच जागेवर लावा. कढीपत्त्याची फळं पावसाळ्यात काळी पिकतात. गर चोळून धुवा आणि बी आठवड्याच्या आत लावा, हे बी साठवून टिकत नाही. जुन्या झाडाच्या मुळांतून आलेले फुटवेही मुळासकट वेगळे करता येतात. कण्हेर, चित्रक, कोरांटीच्या सहा-सात इंची काड्या जूनमध्ये लावा. कण्हेर-रुईच्या काडीचा चीक दिवसभर सावलीत सुकू द्या, मग मातीत खोचा. पानफुटीचं एक पान ओल्या मातीवर टेकवलं की कडेच्या खाचांतून दहा रोपं होतात, नवख्या माणसाला सुरुवातीला हेच द्या.

रानातून रोपं उपटून आणू नका. सापसंदासारखा वेल रानात आधीच कमी आहे आणि मोठं मूळ तुटल्यावर तो कुंडीत जगतही नाही. एखादं फळ आणि दोन काड्या पुरेशा होतात. वेलघाणी, म्हणजे कृष्णकमळाच्या कुळातला रानटी वेल, वाटू नका. तिच्यावर टॉनी कॉस्टर येतं हे खरं, पण ती परदेशी आणि आक्रमक आहे. बागेतल्या कृष्णकमळावर ते फुलपाखरू येतं.

रोप देताना चार गोष्टी चिठ्ठीवर लिहा : मराठी नावासोबत शास्त्रीय नाव, कुठल्या फुलपाखराचं, कधी लावलं आणि विषारी आहे की नाही. ‘हळदीकुंकू’ म्हणून एकाने मिल्कवीड नावाचं झुडूप मागितलं आणि दुसऱ्याने त्याच नावाच्या फुलपाखरासाठी बांडगूळ शोधलं, असे घोटाळे शास्त्रीय नावाने टळतात. ज्याच्यावर कधीही फवारणी झाली असेल ते रोप चिठ्ठीवर तसं लिहून, निदान तीन महिने जाळीत ठेवायला सांगूनच द्या. आणि वाटण्याच्या आदल्या दिवशी पानांची खालची बाजू बघून घ्या. अंडी असलेली रोपं त्या वेळी मागे ठेवा, पुढच्या महिन्यात द्या.